जाऊबाईंनी सा हलवला

माझ्या थोरल्या जाऊबाई आणि मी एका घरात राहतो, एका कारखान्यात जातो आणि एकोणीस वर्षं एकमेकींना सहन करतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागले की तुम्हाला वाटायचं, या दोघींचं भलतंच गूळपीठ आहे. तसं काही नाही. त्या कमी बोलतात, माझ्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, आणि आमच्या दोघींचे नवरे या दोन्ही गोष्टींना सारखेच कंटाळलेत.

कारखाना पेट्यांचा. वाजवायच्या पेट्यांचा, प्रवासाला न्यायच्या नव्हे. हे मला दर वेळी सांगावं लागतं. खालच्या खोलीत सुतार, मधल्या खोलीत आम्ही भातेवाल्या: पुठ्ठा, कापड, चामडं आणि दिवसभर नाकात बसलेला सरसाचा वास. वरच्या मजल्यावर खिडकीपाशी एकच टेबल, आणि त्या खोलीचं दार कायम बंद. तिथे जाऊबाई बसायच्या. पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक बारीक जीभ असते, तिला रीड म्हणतात. हवा लागली की ती थरथरते आणि वाजते. नवीन रीड वाजते, पण बरोबर वाजत नाही. तिला कानशीनं अगदी हलकं घासावं लागतं. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. नमुन्याच्या पेटीतला सूर आणि नव्या पेटीतला सूर एकदम वाजवायचा. दोघांचं जमत नसलं की आवाजात लाट येते, व्वांव-व्वांव करत. ती लाट पार झोपेपर्यंत घासायचं. यंत्र नाही, काटा नाही. दोन कान, एक कानस.

बाईंचे कान म्हणजे कठीण काम होतं. घरात माझ्या हातून पातेलं पडलं तरी त्या तिकडून सांगणार, काळी तीन. रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला की पांढरी पाच, पण जरा उतरलेली. आमच्याकडे पट्ट्यांना अशीच नावं आहेत, पांढरी एक, पांढरी दोन, काळी एक, काळी दोन. आणि रीडची सरमिसळ होऊ नये म्हणून थोरल्या मालकांनी फार पूर्वी एक पद्धत घालून दिली होती. सूर जुळला की त्या रीडवर हातोडीनं अक्षराचा ठसा मारायचा. पांढरी एकवर 'सा', दोनवर 'रे', तीनवर 'ग', असं. काळ्या पट्ट्यांना नुसता ठिपका. जाऊबाईंनी बावीस वर्षं हे ठसे मारले. ती पद्धतच पुढे त्यांच्या मुळावर आली, पण ते नंतर.

आधी माझं दुखणं सांगते. लग्न होऊन मला महिना झाला होता. गच्चीवर कपडे वाळत घालताना मी गुणगुणत होते. जाऊबाई लगबगीनं वर आल्या आणि म्हणाल्या, "तू गाऊ नकोस. तुझा सूर कुठल्याच पट्टीवर लागत नाही. कानाला टोचतं." रागानं नाही म्हणाल्या, बिघडलेल्या रीडबद्दल बोलावं तसं म्हणाल्या. तेच मला जास्त लागलं. त्या दिवसापासून मी गाणं बंद केलं. पोरांना निजवतानासुद्धा नुसती थोपटत राहिले. एकोणीस वर्षं मी हे मनात धरून आहे. त्यांच्या लक्षातही नव्हतं, हा राग वेगळाच.

मागच्या वर्षी थोरले मालक घरी बसले आणि धाकटे मालक आले. माणूस वाईट नाही, फक्त बोलताना आपल्याकडे न बघता हातातल्या कागदाकडे बघतो. शाळांच्या मोठ्या मागण्या यायला लागल्या होत्या, आणि शाळांची अट होती की प्रत्येक पेटीवर सूर लावणाऱ्याची सही हवी, आणि सही करणाऱ्यानं संगीताची पहिली परीक्षा पास केलेली हवी. त्यांनी जाऊबाईंना बोलावून सांगितलं, चार महिन्यांनी परीक्षा आहे. नापास झालात तर त्यानंतर सहा महिन्यांनी आणखी एकदा बसता येईल. तेव्हाही नाही जमलं तर खिडकीचं टेबल कायमचं दुसऱ्याला. तुम्ही भात्यावर. जाऊबाईंनी एवढंच विचारलं, पुस्तक कुठलं?

खोटं कशाला बोलू, मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, या आता खाली, बघा आमच्या सरसात हात घालून. त्याच संध्याकाळी त्यांनी पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवलं. त्यांची शाळा चौथीत सुटलेली, त्या ओळीखाली बोट धरून वाचतात. मी दहावी. त्या म्हणाल्या, वाच. विनंती नाही, काही नाही. मी तोंड वाकडं केलं आणि वाचायला लागले.

रोज सकाळी कामावर जायच्या आधी ओट्यापाशी, आणि दुपारच्या सुट्टीत माझ्या टेबलावर. नाद म्हणजे काय, स्वर म्हणजे काय, सात स्वरांचं सप्तक कसं होतं, स्वर थोडा खाली आला की कोमल आणि वर गेला की तीव्र. जाऊबाईंना यातलं बरंचसं हाताला माहीत होतं, फक्त त्याला नाव असतं हे माहीत नव्हतं. स्थिर आणि नियमित कंपनं असलेला नाद तो स्वर, असं मी वाचलं की त्या म्हणायच्या, लाट नसलेला, असं सरळ लिहायला काय झालं होतं यांना. पुस्तकात सा अचल आहे असंही होतं, म्हणजे त्याला कोमल-तीव्र अशी रूपं नाहीत. आम्ही दोघींनी माना डोलावल्या. अर्थातच, सा कुठे जातोय? पांढरी एकवर ठसा आहे त्याचा.

ताल मात्र त्यांना उमजेना. त्यांच्या कामात कधी वेळ मोजायची गरजच पडली नव्हती. शेवटी मी त्यांना शिलाई मशीनसमोर बसवलं. म्हटलं, पाय एकसारखा चालतोय ना, ती लय. एकेक टाका म्हणजे एकेक मात्रा. आता आठ टाक्यांची नक्षी धरा, आठ झाले की नक्षी पुन्हा पहिल्यापासून. हा झाला ताल, आणि नक्षीचा पहिला टाका ती सम. त्यांनी अर्धा तास रिकामी मशीन चालवली. मग मशीन थांबवून म्हणाल्या, कळलं. एवढंच. शाबास नाही की बरं शिकवलंस नाही.

परीक्षा एका गाणं शिकवणाऱ्या शाळेत होती. सकाळी लेखी झाली, ती बरी गेली. दुपारी तोंडी. गर्मी होती म्हणून दार उघडं ठेवलं होतं आणि मी बाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होते. परीक्षक वयस्कर होते, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, पुढ्यात पेटी. त्यांनी पांढरी चार दाबली आणि म्हणाले, "हा सा. आता हा कुठला स्वर?" आणि वरची पांढरी एक वाजवली.

जाऊबाई म्हणाल्या, "सा."

परीक्षकांनी पुन्हा पांढरी चार वाजवली. म्हणाले, नीट ऐका, सा हा आहे. आमच्या बाई म्हणाल्या, नाही सर, तो म आहे. मी बाकावर बसल्या बसल्या मान हलवत होते, कारण मलाही तेच वाटत होतं की या माणसाला काही येत नाही. त्यांनी काळी पाच वाजवली. त्यांच्या हिशोबानं तो म होता, बाईंनी कोमल नी सांगितला. असे दहा प्रश्न झाले. त्यांच्या हिशोबानं दहाच्या दहा चूक, आमच्या कारखान्याच्या हिशोबानं दहाच्या दहा बरोबर. शेवटी त्यांनी चष्मा काढला. चांगला माणूस होता, हसला नाही. म्हणाला, "बाई, सा कुठल्याही पट्टीवर धरता येतो. ज्याचा त्याचा गळा, ज्याचा त्याचा सा. एकदा तो धरला की बाकीचे सगळे त्याच्यापासून मोजायचे."

जाऊबाई उठून बाहेर आल्या. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणाल्या, "मला हे कुणी सांगितलंच नव्हतं." मी म्हटलं, मला तरी कुणी सांगितलं होतं? दोघीही तशाच वर गेलो.

तोंडीत नापास. दुसऱ्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत जाऊबाई माझ्या शेजारी भात्याच्या टेबलावर आल्या आणि खिडकीशी एक प्रमाणपत्रवाले गृहस्थ बसले. मला वाटलं होतं, मजा येईल. नाही आली. त्या सरसानं बोटं चिकटवून घ्यायच्या, चामडं वाकडं कापायच्या, आणि वरून सूर ऐकू आला की त्यांचा हात थांबायचा. हळूच म्हणायच्या, "काळी चार. अजून लाट आहे." वरच्या गृहस्थांना ती ऐकू येत नसावी, कारण ते पुढच्या पट्टीवर गेलेले असायचे. तेव्हा मला जो राग आला, तो कुणावर होता ते मला आजही धड सांगता येणार नाही. पण पहिल्यांदाच तो जाऊबाईंवर नव्हता.

घरी आम्ही एक मोडीत काढलेली पेटी आणली. मी कुठलीही पट्टी दाबायची, म्हणायचं हा सा, मग दुसरी दाबायची, आणि त्यांनी नाव सांगायचं. महिनाभर पालथ्या घड्यावर पाणी. पांढरी एक वाजली की त्यांच्या तोंडून सा निघायचाच. आपल्याला कुणी नावानं हाक मारली तर आपण 'ओ' देतोच की, तसं. त्या मनात मोजायच्या, बोटांवर मोजायच्या, ओठ चावायच्या, आणि तरी सा. एकदा तर त्यांनी स्वतःच्या मांडीवर चापट मारली. मी वैतागून म्हटलं, "तुमची नि या पेटीची ओळख जरा जास्तच झालीय ताई. प्रत्येक पट्टी तोंडपाठ. हिच्यावर तुम्हाला काही शिकता यायचं नाही."

त्यांनी पेटी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "तू गा."

मला आधी कळेना. त्यांनी समजावलं, त्या मानानं बरंच बोलल्या. माझा सूर कुठल्याच पट्टीवर लागत नाही. म्हणजे त्यांच्या डोक्यात त्याला नावच नाही. मी जो काढीन त्याला सा म्हणायचं, आणि तिथून पुढचे स्वर त्यांनी मोजून काढायचे. पाठांतर चालणारच नाही.

माझं डोकं फिरलं. एकोणीस वर्षांचं सगळं बाहेर पडलं. गच्ची, कपडे, तो दिवस, ते वाक्य जसंच्या तसं. म्हटलं, तेव्हा टोचत होतं आणि आता गरज पडली म्हणून गोड लागतं का? पोरांना एक गाणं म्हटलं नाही मी तुमच्यापायी. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि मी न बोलणं म्हणजे घरातल्यांना डॉक्टर बोलवावासा वाटतो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मी रीडला बोलते तसं तुला बोलले," त्या म्हणाल्या. "माणसाला तसं बोलू नये. मला कळलं नाही तेव्हा. तू नाही गायलीस तरी मी परीक्षेला बसणार आहे. पण तू गायलीस तर पास होईन."

पुढे येऊन हात धरला, डोळे पुसले, असलं काही झालं नाही. मी हातातली कढई खाली ठेवली आणि तोंड उघडलं. आवाज असा फाटका निघाला की माझं मलाच कसंतरी झालं. जाऊबाईंनी डोळे गच्च मिटले. टोचलं त्यांना, स्पष्ट दिसलं. मग त्यांनी माझाच सूर धरला आणि हळूहळू वर चढत गेल्या, सा, रे, ग, म, प. पहिल्या फटक्यात. डोळे उघडून म्हणाल्या, आता वेगळा लाव. मी म्हटलं, वेगळाच लागणार, तोच परत लावता येत असता तर ही वेळ आली असती का?

साडेचार महिने मी रोज गायले. ओट्याशी, जिन्यात, सरस ढवळताना. मी कुठेही आवाज काढायचा आणि त्यांनी त्याला सा म्हणून पुढचे मागचे स्वर सांगायचे. भातेवाल्या हसायच्या, मग त्यांनाही सवय झाली. एक दिवस माझा सूर नेमका काळी दोनवर बसला. जाऊबाई दचकल्या. "आज सुधारलीस," त्या म्हणाल्या. "परीक्षा होईपर्यंत असं करू नकोस."

दुसऱ्या वेळी तेच परीक्षक. लेखीचे गुण धरलेले होते, फक्त तोंडी उरली होती. मी त्याच बाकावर. ही शेवटची संधी, आणि हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, म्हणजे जाऊबाईंना, मला आणि कारखान्यात बसलेल्या धाकट्या मालकांना. परीक्षकांना बाई आठवत असणार, कारण त्यांनी मुद्दाम पांढरी चारच दाबली. "हा सा," म्हणाले, आणि वरची पांढरी एक वाजवली.

आतून उत्तर येईना. मी ऐकत होते. जाऊबाईंची पाठ मला दिसत होती, ताठ, खांदे वर गेलेले. बाईंच्या जिभेवर सा येऊन बसलाय आणि त्या दात घट्ट मिटून त्याला अडवतायत, हे मला बाहेरून कळलं. मी विचार केला असता तर गप्प बसले असते. पण तोंड माझं आहे, ते विचाराची वाट बघत नाही. मी गायले. एकच सूर, लांब, जसा निघाला तसा.

परीक्षक उठून दारापाशी आले आणि कोण आहे म्हणून विचारलं. पाचावर धारण बसणं म्हणतात ते काय, ते मला तेव्हा कळलं. आता हे आम्हाला दोघींना हाकलून देणार.

"माझी जाऊ आहे ती," आतून जाऊबाई म्हणाल्या. "सर, तिचा सूर तुमच्या पेटीत नाही. बघा शोधून. मी त्यालाच सा धरून शिकले. तिला आत येऊ द्या, तिच्या सुरावरून काय ते विचारा. मग पेटीवर विचारा. चुकले तर मी उठून जाते."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे. मी आत जाऊन उभी राहिले. पुन्हा गायले, आणि अर्थातच मघापेक्षा वेगळंच काहीतरी निघालं. त्यांनी पेटीवर दोन पट्ट्या दाबून पाहिल्या. माझा सूर दोन्हींच्या मधे कुठेतरी होता. त्यांनी पेटीवरचा हात काढला, डोळे मिटले आणि स्वतःच्या गळ्यानं, माझ्या त्या भरकटलेल्या सुरापासून मोजून, एक स्वर लावला. प, जाऊबाई म्हणाल्या. दुसरा. कोमल ग. तिसरा. तीव्र म. नऊ विचारले, नऊ बरोबर. मी मधूनमधून श्वास घेऊन माझा सूर देत होते, आणि तो जरा सरकला की परीक्षक आणि जाऊबाई दोघंही त्याच्याबरोबर सरकत होते.

मग परीक्षकांनी मला थांबायची खूण केली. त्यांनी पांढरी चार दाबली. "हा सा." आणि पांढरी एक. तीच पट्टी, जिच्यावर बाईंनी बावीस वर्षं सा ठोकला होता. खोलीत पेटीचा तेवढा एक आवाज होता.

"प," जाऊबाई म्हणाल्या.

पास झाल्या. खिडकीचं टेबल परत मिळालं. प्रमाणपत्रवाले गृहस्थही राहिले, ते आता शेजारी बसून त्यांच्याकडून लाट ऐकायला शिकतात, आणि वैतागतात. टेबलावर बसायच्या आधी जाऊबाई अक्षरांचे ठसे घेऊन धाकट्या मालकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, यापुढे रीडवर आकडे ठोकायचे, अक्षरं नाहीत. पुढच्या बाईची माझ्यासारखी फजिती व्हायला नको. मालकांनी या वेळी कागदाकडे न बघता हो म्हटलं. 'सा'चा ठसा माझ्या टेबलावर आहे. भात्याचं कापड वाळताना उडू नये म्हणून मी तो त्यावर ठेवते, चांगला जड आहे.

गेल्या सुट्टीच्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. सवय लागली होती, तोंडातून सूर निघत होता. जिन्यावर लगबगीची पावलं वाजली आणि जाऊबाई वर आल्या. माझं तोंड आपोआप मिटलं. एकोणीस वर्षांची खोड, काय करणार.

"थांबलीस का?" त्या म्हणाल्या.

"टोचत असेल ना," मी म्हटलं.

"टोचतंय." त्यांनी बादलीतली पिळलेली चादर उचलली, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. "गा."